पाथरवटाचा मुलगा : ख्रिस्तिआन डॉप्लर

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी डॉक्टरांची एखादी तरी चिठ्ठी अशी आली असेल, की जिच्यावर सोनोग्राफीच्या पुढे कलर डॉप्लर असे दोन शब्द लिहिलेले असतात. कुणाच्या पायाला सूज आलेली असते. कुणाच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला असतो आणि मानेतील रक्तवाहिन्या तपासायच्या असतात. कुणाच्या मुलीचे दिवस भरत आलेले असतात आणि पोटातील बाळाची वाढ हवी तशी होत नसते. आपण चिठ्ठी घेतो, पैशांची जुळवाजुळव करतो आणि तपासणी करून येतो. डॉप्लर म्हणजे काय, असे विचारले तर कुणी म्हणतो, ते मशीन बनवणाऱ्या कंपनीचे नाव आहे. कुणी म्हणतो, तो एक प्रकारचा किरण आहे. वास्तविक डॉप्लर हे एका शिक्षकाचे आडनाव आहे. हे गृहस्थ १८५३ साली, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच निवर्तले. ते वैद्य नव्हते. ज्या निबंधामुळे त्यांचे नाव राहिले, तो निबंध आकाशातील ताऱ्यांविषयी होता, आणि ताऱ्यांविषयी त्यात जे सांगितले होते ते चूक ठरले! असे असूनही त्यांचे नाव आज आपल्या तालुक्याच्या गावातील दवाखान्याच्या पाटीवर कसे आले, ही हकिकत विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही वाचण्यासारखी आहे.

ख्रिस्तिआन डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी साल्झबर्ग येथे झाला. हे शहर आज ऑस्ट्रिया देशात आहे. थोर संगीतकार मोझार्ट याच गावचा; मोझार्ट कुटुंबाने काही वर्षे जेथे बिऱ्हाड केले होते ते घर आणि डॉप्लर यांचे घर एकाच चौकात आहे. डॉप्लर घराण्याचा पिढीजात धंदा पाथरवटाचा. दगड घडवणे, बांधकामे घेणे यात घराण्याने नाव आणि पैसा दोन्ही मिळवले होते. मुलानेही छिन्नी-हातोडा घ्यावा हे रीतीला धरून होते. परंतु मुलगा अशक्त. दगडाच्या कामाला लागणारी ताकद त्याच्या अंगात नव्हती. तेव्हा वडिलांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. गावातील गणिताचे प्राध्यापक सिमोन श्टांफर यांच्याकडे ते मुलाला घेऊन गेले आणि याचे पुढे काय करावे, असा सल्ला विचारला. मुलाची गणितातील गती पाहून श्टांफर यांनी त्याला व्हिएन्नाच्या तंत्रविद्यालयात पाठवा असे सांगितले. धंद्याला निरुपयोगी ठरलेल्या मुलाला घेऊन गुरुजींचे दार ठोठावणारे वडील मला या चरित्रात फार मोलाचे वाटतात. श्टांफर यांचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

१८२२ साली डॉप्लर व्हिएन्नाला गेले. तीन वर्षांनी साल्झबर्गला परतून त्यांनी राहिलेले शिक्षण पुरे केले, पुन्हा व्हिएन्नाला जाऊन विद्यापीठात उच्च गणित, यंत्रशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकले. १८२९ मध्ये त्यांना तंत्रविद्यालयात गणिताच्या प्राध्यापकांचे साहाय्यक म्हणून जागा मिळाली. ती जागा मुदतीची होती. चार वर्षांनी मुदत संपली आणि तिशीच्या उंबरठ्यावर हा विद्वान तरुण बेकार झाला.

पदवी आहे, अंगात गुण आहेत आणि नोकरी नाही, ही स्थिती कशी असते हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. डॉप्लर यांनी गावोगावच्या शाळांकडे आणि विद्यालयांकडे अर्ज केले. त्या काळी एकेका जागेसाठी उमेदवारांची स्पर्धा परीक्षा होत असे, तीही ते देत राहिले. उत्तरे येण्यास महिनोन्‌महिने लागत. पोट भरण्यासाठी त्यांनी सुमारे दीड वर्ष एका सूतगिरणीत हिशेबनिसाचे काम केले. अखेर १८३५ साली त्यांनी युरोप सोडून अमेरिकेस जाण्याचा निश्चय केला. होते नव्हते ते विकले, म्युनिकपर्यंत जाऊन अमेरिकन वकिलातीत बोलणीही केली. आणि नेमक्या याच सुमारास प्राग येथील माध्यमिक तंत्रशाळेत शिक्षकाच्या जागेवर त्यांची नेमणूक झाल्याचे कळले. अमेरिका राहिली. पुढच्याच वर्षी त्यांनी साल्झबर्गच्या एका सोनाराची मुलगी मॅटिल्ड श्टुर्म हिच्याशी विवाह केला. त्यांना पाच अपत्ये झाली.

प्राग शहरात ते शाळेवरून तंत्रविद्यालयात गेले आणि १८४१ मध्ये तेथे गणित व व्यावहारिक भूमितीचे प्राध्यापक झाले. दुसऱ्या वर्षी, २५ मे १८४२ रोजी, बोहेमियाच्या रॉयल सायन्स सोसायटीच्या बैठकीत त्यांनी आपला निबंध वाचला. विषय होता जोडताऱ्यांचा रंगीत प्रकाश. श्रोते मोजकेच होते.

त्या निबंधातील विचार समजण्यास कठीण नाही. किनाऱ्यावरच्या वाचकांना तर तो चटकन समजेल. समुद्रात होडी नांगरून उभी आहे आणि मिनिटाला दहा लाटा तिच्यावर येऊन आदळत आहेत. आता नांगर उचलून होडी लाटांच्या समोर हाकली, तर मिनिटाला दहापेक्षा अधिक लाटा आदळतील. पाठ फिरवून लाटांच्या दिशेने पळवली, तर दहापेक्षा कमी. लाटा त्याच आहेत, समुद्र तोच आहे, पण होडीच्या गतीने मोजणी बदलली. खुद्द डॉप्लर यांनी याच अर्थाचा जहाजाचा दृष्टान्त दिला होता.

होडीऐवजी लाटा उत्पन्न करणाराच हलत असेल तर? समजा, एक माणूस परगावाहून पायी आपल्या घरी निघाला आहे आणि वाटेतल्या प्रत्येक मुक्कामावरून रोज एक पत्र घरी टाकतो. प्रत्येक नवे पत्र आधीच्यापेक्षा जवळून निघाले, म्हणून त्याला वाटेत कमी वेळ लागतो. तेव्हा घरी पत्रे एका दिवसापेक्षा कमी अंतराने येऊ लागतील. तोच माणूस घर सोडून दूर चालला असेल, तर पत्रे दिवसापेक्षा जास्त अंतराने येतील. पाठवणारा मात्र दोन्ही वेळा रोज एकच पत्र पाठवतो आहे. पत्राच्या जागी ध्वनीचे कंपन ठेवा म्हणजे डॉप्लर यांचा सिद्धान्त हाती आला. जवळ येणाऱ्या ध्वनीची कंपने कानावर दाटीने पडतात, म्हणून सूर चढा लागतो. दूर जाणाऱ्याची विरळ पडतात, म्हणून सूर उतरतो. फाटकाजवळ उभे राहून भरधाव जाणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकलेल्या कोणत्याही मुलाला याची नक्कल करता येते. गाडी समोरून निघून जाताच सूर खाली घसरतो, तोच हा परिणाम.

डॉप्लर यांना मात्र या नियमातून ताऱ्यांचे रंग उलगडायचे होते. प्रकाश हाही तरंगच. जोडतारे एकमेकांभोवती फिरत असतात. मग जो आपल्याकडे येतो तो निळसर आणि जो दूर जातो तो तांबूस दिसत असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. येथे ते चुकले. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आणि ताऱ्यांच्या गती सामान्यतः सेकंदाला काही दहा किलोमीटर. म्हणजे फरक दहा हजारांत एखाद्या भागाचा. डोळ्याला त्याचा रंग कसा दिसणार? ताऱ्यांचे रंग मुख्यतः त्यांच्या तपमानामुळे असतात, हे नंतर स्पष्ट झाले. नियम अचूक, पण त्यासाठी निवडलेले उदाहरणच भलते. विज्ञानाच्या इतिहासात असे क्वचित घडते.

त्यांच्या बाजूने बोलणारे प्रागमध्ये एक थोर गृहस्थ होते, गणिती बेर्नार्ड बोल्झानो. त्यांनी या निबंधाचा परिचय विद्वानांना करून दिला. विरोध करणाऱ्यांनीही एक उपकारच केला. हॉलंडमधील बाइस बालॉट या तरुण शास्त्रज्ञाला ताऱ्यांच्या रंगाचे हे म्हणणे पटले नव्हते. त्याने निदान ध्वनीपुरते ते तपासून पाहायचे ठरवले. त्या काळी माणसाने बनवलेले सर्वांत वेगवान वाहन म्हणजे आगगाडी, आणि हॉलंडमध्ये ती नुकतीच सुरू झाली होती. १८४५ च्या फेब्रुवारीत पहिला प्रयत्न वाईट हवामानामुळे फसला. जूनमध्ये उट्रेख्टजवळच्या लोहमार्गावर पुन्हा प्रयोग झाला. गाडीवर तुतारी वाजवणारे वादक बसवले. रुळाच्या कडेला ठिकठिकाणी सुराचे पक्के कान असलेले संगीतज्ञ उभे केले. कंपनसंख्या मोजण्याचे सोयीचे यंत्र तेव्हा नव्हते, म्हणून माणसाचा कान हेच यंत्र! गाडी येताना सूर चढा आणि जाताना उतरलेला लागला. हा फरक साधारण अर्ध्या स्वराइतका होता. हिशेब करून पाहा : हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. गाडी सेकंदाला २० मीटर, म्हणजे तासाला ७२ किलोमीटर वेगाने येत असेल, तर कंपनसंख्या सुमारे ६ टक्क्यांनी वाढते, आणि पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचे अंतर तेवढेच असते. ध्वनीबाबत डॉप्लर खरे ठरले. ताऱ्यांच्या रंगाबाबतचा आक्षेप मात्र बालॉटने मागे घेतला नाही, आणि ते योग्यच होते.

या काळात डॉप्लर स्वतः काय करत होते? परीक्षा घेत होते. तंत्रविद्यालयात शेकडो विद्यार्थी असत आणि त्यांच्या तोंडी परीक्षा घेण्याचे ओझे प्राध्यापकांवर असे. डॉप्लर यांची परीक्षा फार कडक, अशी तक्रार विद्यार्थ्यांनी वरपर्यंत नेली. चौकशी होऊन त्यांना कानपिचक्याही मिळाल्या. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे या प्रकरणात माझे मन साहजिकच त्यांच्याकडे झुकते. परंतु थकलेल्या, आजारी परीक्षकापुढे उभ्या राहणाऱ्या मुलांचेही काही म्हणणे असणारच. फुप्फुसाच्या विकाराने त्यांना तेव्हाच ग्रासले होते. दीर्घ रजा घ्यावी लागली. १८४७ साली ते प्राग सोडून आज स्लोव्हाकियात असलेल्या श्टिआव्हनित्सा येथील खाणविद्यालयात गेले. तेथे जरा स्थिरावतात तोच १८४८ ची क्रांती उसळली आणि तो प्रदेश अशांत झाला. १८४९ मध्ये ते व्हिएन्नाच्या तंत्रविद्यालयात परतले, आणि परतले ते कुणाच्या जागेवर? निवृत्त झालेल्या श्टांफर यांच्या. ज्यांच्या दारात वडिलांनी मुलाला नेले होते, त्यांचीच खुर्ची.

१८५० च्या जानेवारीत सम्राटाच्या हुकुमाने व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्राची नवी संस्था स्थापन झाली आणि डॉप्लर तिचे पहिले संचालक झाले. पुढच्या वर्षी तेथे शिकायला आलेल्यांत एक पाद्री विद्यार्थी होता, ग्रेगोर मेंडेल. वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा, आपल्या मुलांना विज्ञानाच्या पुस्तकात भेटणारा मेंडेल तो हाच.

मानमरातब मिळाला, पण स्वस्थता मिळाली नाही. १८५२ साली व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत योझेफ पेट्झव्हाल या गणितज्ञाने त्यांच्या सिद्धान्तावर उघड हल्ला चढवला. पेट्झव्हाल हा सामान्य माणूस नव्हे. छायाचित्रणाचे उत्तम भिंग त्याने रचले होते. त्याचा आक्षेप असा, की निसर्गाचे मोठे नियम अवघड समीकरणांतून निघतात. अशा चार ओळींच्या गणिताला सिद्धान्त म्हणणे म्हणजे विज्ञानाची थट्टा. शिवाय वाहत्या हवेतही सुराची कंपनसंख्या बदलत नाही, असे त्याने गणिताने दाखवले. ते गणित बरोबर होते! मात्र त्यात वाजवणारा आणि ऐकणारा दोघेही स्थिर धरलेले होते. केवळ वाऱ्याने सूर बदलतो असे डॉप्लर यांनी म्हटलेच नव्हते. पण सभेत वजन पेट्झव्हालचे पडले. साधी गोष्ट साधेपणाने सांगितली की ती क्षुल्लक समजली जाते, हा अनुभव वर्गात शिकवणाऱ्यांना नवा नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, ऊबदार हवेने छातीला आराम पडेल म्हणून, डॉप्लर व्हेनिसला गेले. आराम पडला नाही. १७ मार्च १८५३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले आणि सान मिकेले या स्मशानभूमीच्या बेटावर त्यांना पुरण्यात आले.

ताऱ्यांनी मात्र त्यांची बाजू नंतर राखली. ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट पसरला की त्यात बारीक रेषा दिसतात. ताऱ्याचा रंग बदलला नाही तरी या रेषा किंचित सरकतील, हे फ्रान्सच्या फिझोने १८४८ मध्येच दाखवून दिले होते. १८६८ साली इंग्लंडच्या विल्यम हगिन्स यांनी व्याध ताऱ्याच्या रेषा पाहून त्याची गती काढण्याचा प्रयत्न केला, आणि ती वाट पुढे राजमार्ग झाली.

आता रक्ताकडे येऊ. त्यासाठी आधी दोन भावांची ओळख हवी. १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्यूरी यांना आढळले, की स्फटिकाचा विशिष्ट रीतीने कापलेला तुकडा दाबला तर त्यावर विद्युत्‌भार उत्पन्न होतो. याच्या उलटही घडते : वीज दिली की स्फटिक किंचित फुगतो-आकसतो. सेकंदाला लाखो वेळा वीज उलटसुलट केली तर स्फटिक तितकीच कंपने करतो, आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी निघतो. आपला कान सेकंदाला २० ते २०,००० कंपने ऐकतो; सोनोग्राफीत ती साधारण २० लाखांपासून दीड कोटीपर्यंत असतात. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हॅं यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी ही युक्ती वापरली, आणि १९५० नंतर ती दवाखान्यात स्थिरावली.

डॉक्टर अंगावर फिरवतात त्या दांड्याच्या तोंडाशी असेच स्फटिकासारखे तुकडे बसवलेले असतात. ते ध्वनीचा एक झटका आत सोडतात आणि लगेच गप्प होऊन प्रतिध्वनी ऐकतात. शरीराच्या मऊ भागात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. म्हणून एक सेंटिमीटर खोलीवरून जाऊन परत यायला त्याला १३ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी १३ भाग लागतात. वेळेवरून खोली, प्रतिध्वनीच्या जोरावरून चित्रातील उजळपणा. विहिरीत हाक मारून खोली अजमावण्याचाच हा प्रकार. अंगाला तो गार चिकट पदार्थ लावतात तो उगाच नव्हे : दांडा आणि कातडी यांत हवेची फट राहिली तर जवळजवळ सगळा ध्वनी तेथूनच मागे फिरेल. यात क्ष-किरण नसतात, हेही माताभगिनींनी ध्यानात ठेवावे. हा केवळ ध्वनी आहे.

अशा चित्रात शिरेची भिंत दिसते, पण आतले रक्त वाहते आहे की तुंबले आहे, हे कळत नाही. १९५० च्या दशकात जपानमधील ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी येथे डॉप्लर यांचा नियम लावला. पळणाऱ्या तांबड्या पेशींवर आदळून परतणाऱ्या ध्वनीची कंपनसंख्या बदलली पाहिजे. आणि ती दोनदा बदलते. ध्वनी पेशीवर आदळतो तेव्हा पेशी ही लाटांना सामोरी जाणारी होडी असते. तो परत फेकताना तीच पेशी वाटेवरून पत्रे टाकणारा पांथस्थ असते. समजा, ध्वनी सेकंदाला ३० लाख कंपनांचा, रक्ताचा वेग सेकंदाला अर्धा मीटर आणि दांडा प्रवाहाशी ६० अंशांच्या कोनात धरलेला. तर परतलेल्या ध्वनीत सुमारे ९७० कंपनांचा फरक पडतो. हा आकडा नीट पाहा. आत सोडलेला ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही, पण तो फरक मात्र कानाच्या टप्प्यातला! म्हणूनच तपासणीच्या वेळी यंत्रातून नाडीच्या ठेक्यावर शूऽ शूऽ असा आवाज येतो. तो रक्ताचा प्रत्यक्ष आवाज नव्हे. तो १८४२ च्या नियमाने निघालेली वजाबाकी आहे.

दांडा प्रवाहाला अगदी काटकोनात धरला तर पेशी ना जवळ येते ना दूर जाते, आणि रक्त वाहत असूनही फरक शून्य येतो. तपासणारा हात म्हणून तर सारखा तिरपा होत असतो. हात फिरवण्यास वेळ लागला म्हणून घाबरून जाऊ नये.

या रीतीने नाळेतील रक्तप्रवाहावरून बाळाला पुरेसे पोषण मिळते आहे का, याचा अंदाज येतो. हृदयाच्या झडपेतून रक्त मागे गळते आहे का, पायाच्या शिरेत गुठळी अडकली आहे का, मानेतील धमनी कितपत अरुंद झाली आहे, हे चिरफाड न करता कळते. अरुंद जागेतून रक्त वेगाने उसळते, बागेच्या नळीचे तोंड बोटाने दाबल्यावर पाणी उसळते तसे. आणि वेग वाढला की कंपनांचा फरकही वाढतो.

राहिला प्रश्न पडद्यावरच्या लाल-निळ्या रंगांचा. पुष्कळांचा समज असा, की लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळे म्हणजे अशुद्ध. तसे नाही. सर्वसाधारण प्रघात असा, की दांड्याकडे येणारे रक्त लाल दाखवायचे आणि दूर जाणारे निळे. हे रंग शरीरात नसतात. संगणकाने भरलेले असतात आणि बटण दाबून उलटही करता येतात. डॉप्लर यांनी मात्र जवळ येणारा तारा निळा आणि दूर जाणारा तांबडा सांगितला होता. यंत्रवाल्यांनी नेमके उलटे केले. तुम्हाला मिळालेल्या चित्रात कडेला रंगांची एक उभी पट्टी छापलेली असते. तिच्या वरच्या टोकाला जो रंग असेल, तो दांड्याकडे येणाऱ्या रक्ताचा समजावा.